राज्यपालांच्या नावाने

बारा नावांपैकी अकरा नावांपुढचा रकाना भरलेला होता. पितळेच्या मूर्ती ओतणाऱ्या कारागिरानं 'चांगलं मेण मिळत नाही' असं लिहून दिलं होतं, गोंडांचा गुसाडी नाच नाचणाऱ्या म्हाताऱ्यानं 'गावाचा रस्ता', आणि एका निवृत्त हेडमास्तरांनी तर विषयाला सहा पानं जोडली होती. बाराव्या नावापुढं 'सुईण, वय ऐंशी' एवढंच. 'राज्यपालांशी बोलावयाचा विषय' हा रकाना कोरा. आणि ते बारावं नाव संघपालच्या आईचं होतं.

आदिलाबादच्या कलेक्टर कचेरीत राजशिष्टाचाराचं टेबल संघपालकडं येऊन नऊ वर्षं झाली होती. मोठा पाहुणा जिल्ह्यात आला की तो कुठं उतरणार, कुणाच्या उजव्या हाताला बसणार, कोण किती मिनिटं बोलणार, हे सगळं त्याच्या टेबलावरून जायचं. या खेपेला राज्यपालांच्या दौऱ्यात जिल्ह्यातल्या बारा कर्तबगार माणसांची भेट ठरली होती. प्रत्येकाला दोन मिनिटं. ताराबाईचं नाव आरोग्य खात्यानं सुचवलं. बोथच्या आसपासच्या खेड्यांत तिनं चाळीस वर्षं बाळंतपणं केली होती, तेव्हा त्यात गैर काही नव्हतं. संघपालच्या नजरेला यादी पडली तेव्हा ती हैदराबादला जाऊन, मंजूर होऊन परतही आली होती. आधी दिसती तर त्यानं ते नाव हळूच गाळलं असतं. आईचा त्याला अभिमान नव्हता असं नाही. पण तिच्या मनात काय आहे, हे तो चांगलं ओळखून होता.

चार दिवस तो विचारत होता.

"माय, रकान्यात काय लिवू?"

"कायचा रकाना?"

"सोमवारी काय बोलशीन ते."

"ते मी अन राज्यपाल पाहून घेऊ."

असं करता करता रविवार उजाडला. सोमवारी अकराला भेट. आणि रविवारी सकाळच्या रेल्वेनं माणिककाका हैदराबादहून येऊन दारात उभा राहिला, हातात तीच जुनी रेक्झिनची बॅग. ताराबाईनं त्याला फोन करून बोलावून घेतलं होतं. राज्यपालांना अर्ज द्यायचा होता, आणि अर्ज लिहावा तर माणिकनंच, हा घरातला पूर्वापार नियम.

माणिकराव म्हणजे संघपालच्या वडलांचा, भिवाजीचा, धाकटा भाऊ. ताराबाई लग्न होऊन आली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि घरात सासू नव्हती. त्याचं नाक पुसण्यापासून शाळेत नेऊन बसवण्यापर्यंत सगळं तिनंच केलं. पुढं तो हैदराबादला एका मोठ्या सरकारी खात्यात टायपिस्ट म्हणून लागला आणि अधिकारी होऊन निवृत्त झाला. शेतमजुरी करणाऱ्या घराण्यातून राजधानीत पोचलेला तो पहिला माणूस. तो आला की पहिलं ताट त्याचं, आणि ते ताराबाई स्वतःच्या हातानं वाढणार. संघपालच्या बायकोनं, रश्मीनं, लग्नाच्या पहिल्याच महिन्यात चुकून नवऱ्याला आधी वाढलं, तर ते ताट उचलून काकापुढं नेलं गेलं होतं. रश्मी आता शाळेत मुख्याध्यापिका झाली होती, पण ते ताट काही ती विसरली नव्हती.

त्या दुपारीही तसंच झालं. भाकरी, अंबाडीची भाजी आणि वरण काकापुढं आलं, मग बाकीच्यांना.

"वहिनी, आता अर्ज करून काय भेटनार हाय?" काकानं भाकरी मोडता मोडता विचारलं. "दादाले जाऊन वीस वर्सं झाली."

"दादा गेला. कागद त हाय ना."

या घरात कागद एकच होता.

भिवाजी दूरच्या एका तालुक्याला कारकून होता, जुन्या फायली सांभाळायचं काम त्याच्याकडं. आदिवासी भागातली जमीन बाहेरच्या माणसाच्या नावावर चढू नये, असा राज्यपालांनी काढलेला कायदा या जिल्ह्यात बराच काळ चालत आलेला आहे. त्या कायद्याखाली एका गोंड कुटुंबाचं प्रकरण सुरू होतं. वरच्या एका साहेबानं ती फाईल 'जरा बघतो' म्हणून तोंडी मागून नेली. भिवाजीनं चिठ्ठी घेतली नाही, कारण साहेबाकडं चिठ्ठी मागायची तिथं रीत नव्हती. फाईल परत आली नाही. साहेब म्हणाला, मी पाहिलीच नाही. भिवाजीची नोकरी गेली. त्यानं हैदराबादला सरकारकडं अपील केलं, आणि अठ्ठ्याऐंशी सालच्या पावसाळ्यात त्याचं एकपानी इंग्रजी उत्तर आलं. अपील फेटाळलं होतं. खाली वाक्य होतं, राज्यपालांच्या आदेशानं आणि त्यांच्या नावानं.

भिवाजीनं ते वाक्य बायकोला मराठीत वाचून दाखवलं. त्याच्या आधी कित्येकदा त्यानंच तिला कौतुकानं सांगितलं होतं की आपल्या भागात राज्यपालाचा शब्द म्हणजे कायदा. ताराबाईनं दोन्ही गोष्टी जोडल्या आणि मनाशी नक्की केलं की राज्यपाल नावाच्या माणसानं एके दिवशी बसून आपल्या नवऱ्याला घरी पाठवलं. त्यानंतर मरेपर्यंत भिवाजी दर चौदा एप्रिलला, जयंतीची मिरवणूक निघायच्या आधी, राजभवनाला एक अर्ज लिहायचा. माणिक तो हैदराबादला घेऊन जायचा. उत्तर कधी आलं नाही. भिवाजी गेला, पण ताराबाईचा राग काही गेला नाही. मधल्या काळात कितीतरी राज्यपाल आले आणि गेले, राज्यसुद्धा बदललं, हे तिला कुणी सांगितलं तर ती म्हणायची, खुर्ची त तेच हाय ना.

"आजी, राज्यपाल स्वतःहून असं काही करत नसतात," अर्पिता म्हणाली. संघपालची ही मुलगी सरकारी परीक्षांची तयारी करत होती आणि घटनेची कलमं तिला तोंडपाठ होती. "मंत्रिमंडळ सल्ला देईल तसं वागायचं. एकशे त्रेसष्टावं कलम."

"मंग कागदावर नाव काऊन त्याचं?"

"सरकारचा सगळाच कारभार त्यांच्या नावानं चालतो. एकशे सहासष्टावं."

"म्हंजे करनारा एक, अन नाव दुसऱ्याचं."

"हो."

"हे कुठं लिवलं हाय?"

"संविधानात, आजी."

ताराबाईचा घास हातातच राहिला. दुसऱ्या कुठल्या पुस्तकात असतं तर तिनं ते उडवून लावलं असतं. "बाबासायबानं लिवलं असन त इचार करूनच लिवलं असन," ती शेवटी म्हणाली.

संघपालला ही संधी वाटली. "मी चार दिसापासून तेच सांगून राह्यलो, माय. हैदराबादहून निघालेल्या हरेक आदेशाखाली तेच वाक्य असते. पुलाचं काम असो, डॉक्टरची बदली असो. राज्यपालाले खबर बी नसते."

"पण बाबा," अर्पितानं मध्येच तोंड घातलं, "आपल्या आदिवासी भागाचं वेगळं आहे हं. पाचवी अनुसूची. इथल्या जमिनीसाठी राज्यपाल स्वतः नियम काढू शकतात."

संघपालनं मुलीकडं असं पाहिलं की तिनं पाण्याचा पेला तोंडाला लावला. व्हायचा तो घोटाळा होऊन गेला होता.

"पाह्य!" ताराबाई सरसावून बसली. "तुये आजोबा हेच म्हनत होते. अन माहे सासरे, दादाजी, तेईनं त सगळेच पाह्यले होते. पयले निजाम. मंग मिलिट्रीवाला गव्हर्नर आला. मंग त्याच निजामाले राजप्रमुख केलं. मंग छप्पन सालात हा गव्हर्नर. दर खेपेले चावडीवरची तसबीर बदले. म्हनत, तसबीर कोनाची बी असो, आपून खालून पाहतो अन तो वरतून. मले एकडाव समोरून पाहाचं हाय."

"आत्याबाई, समोर बसून तुम्ही भलतंच विचारलं तर ते यांच्या टेबलावर येईल," रश्मी म्हणाली. "चार वर्षं नोकरी राहिलीय यांची." मग भाजी वाढता वाढता तीच पुन्हा म्हणाली, "आणि खरं सांगू का, विचारलं तर चुकलं काय? जन्मभर माणूस एक प्रश्न घेऊन बसलाय. दोन मिनिटं तर मिळू द्या."

बायकोनं दोन वाक्यांत बाजू बदललेली पाहून संघपाल माणिककाकाकडं वळला. घरात सरकारचं कामकाज कळणारा दुसरा माणूस तोच. पण काका खाली मान घालून भाकरीचे तुकडे करत होता. चांगले आठ-दहा तुकडे झाले होते आणि त्यातला एकही तोंडात गेला नव्हता.

ताराबाई उठून आत गेली आणि प्लास्टिकच्या पिशवीतून तो कागद घेऊन आली. "घे, संघपाल. वाच. तू त आजवर हातात बी घेतला नाई."

ते खरं होतं. कागद आला तेव्हा तो नांदेडला कॉलेजात होता. गावी परतला तो कायमचाच, आणि ज्या कागदानं आपलं कॉलेज सुटलं त्याचं तोंड पाहायची त्याला कधी इच्छा झाली नाही. आता कागद पिवळा पडला होता आणि घड्यांवर फाटायला आला होता. संघपालनं तो वाचला, पण मुलगा वाचतो तसा वाचला नाही. तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस मजकुरावरून नजर फिरवतो, सही बघतो, आणि मग पानाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात जातो. मसुदा कुणी केला, टाईप कुणी केला, त्याची आद्याक्षरं तिथं बारीक घातलेली असतात. साहेबाच्या सहीपेक्षा कचेरीतली माणसं त्या अक्षरांना जास्त ओळखतात, कारण काम तिथं झालेलं असतं.

कोपऱ्यात एम. आर. होतं. दोनदा. मसुद्यालाही आणि टाईपलाही.

संघपालनं कागद घडीवर घडी ठेवून मिटला. "सही कोन्या सेक्शन ऑफिसरची हाय," तो एवढंच म्हणाला.

जेवणं झाल्यावर अंगणातल्या नळावर दोघं हात धूत होते.

"काका, कोपऱ्यातली अक्षरं तुमची हायेत."

माणिककाका हात धुतच राहिला. "दिसली तुले."

"मी बी तेच काम करतो."

"वहिनीले सांगू नको."

संघपालला त्या क्षणी काय वाटलं ते त्यानं पुढं कुणाला सांगितलं नाही. त्याला हायसं वाटलं. आईच्या तोंडून उद्याचा प्रश्न काढून घ्यायला एक साधन हाती आलं होतं, आणि वडलांच्या आधी त्याला आपलं टेबल आठवलं होतं. त्याची त्याला लाज वाटली. म्हणून तो जरा मऊपणानं म्हणाला, "टायपिस्टचा काय दोष, काका. सांगतलं ते टाईप मारायचं."

"तवा मी टायपिस्ट नव्हतो, संघपाल," काका म्हणाला आणि नळ बंद करून आत गेला.

आत ताराबाई तयारच होती. अर्पिताचं अभ्यासाचं टेबल रिकामं करून तिनं त्यावर कोरा कागद ठेवला होता. आपण खाटेवर बसली. काकाला खुर्ची दिली. रश्मी दाराला टेकून उभी, अर्पिता जमिनीवर.

"लिव. राज्यपालसायेब, जय भीम."

"अर्जात जय भीम नाई लिवत, वहिनी. महामहिम लिवतेत."

"मंग ते लिव. अन जय भीम बी लिव."

काकानं लिहिलं. त्याचं अक्षर अजून छापल्यासारखं होतं.

"माह्या मालकाले तुमी कवा पाह्यलं नव्हतं," ताराबाई सावकाश सांगू लागली. पाठ केल्यासारखं येत होतं, आणि ते पाठच होतं. "तेईनं तुमचं काई बिघडवलं नव्हतं. तेईचं घर कसं, लेकरं किती, हे तुमाले ठाव नव्हतं. मंग तेईचं तोंड न पाहता तुमी…"

पेन थांबलं.

"लिव ना."

"राज्यपालानं नाई केलं, वहिनी."

"पोरीनं सांगतलं ते मघाशी. मंग कोनं केलं? तेच त इचारून राह्यली मी."

"मी."

अर्पितानं आधी बापाकडं पाहिलं. बापाचा चेहरा पाहून तिला कळलं की हे खरं आहे.

माणिककाकानं पेनाला टोपण लावलं आणि निवृत्त अधिकाऱ्याच्या आवाजात, जणू चौकशीत जबानी देतोय अशा क्रमानं सांगितलं. दादाचं अपील खात्यात आलं आणि वाटपात त्याच्याच टेबलावर पडलं. पहिली टिपणी त्यानं लिहायची, मग ती वर जायची. सेक्शन ऑफिसर नवा होता.

"तेनं आडनाव पाह्यलं अन इचारलं, हा तुझा कोन? अन म्हनला, तुमचे लोक एकमेकाइले कसे सांभाळतेत ते पाहतो आता. मी भेलो, वहिनी. दादाची नोकरी गेलीच होती. घरात एक माहीच राह्यली होती. मी म्हनलो, गाववाला हाय. मंग मले दाखवाचं होतं का मी पक्षपात नाई करत. लिवलं, अपिलात तथ्य नाई, फेटाळाले हरकत नाई. वरत कोनी चकार शब्द बदलला नाई. सही होऊन आलं. टाईप बी मीच केलं. कोन्या टायपिस्टच्या हाती द्याले जीव झाला नाई."

ताराबाई त्याच्याकडं पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काही नव्हतं.

"आबाजी, दया दाखवावी असं लिहिलं असतं तर?" अर्पितानं माणिककाकाला विचारलं. तिचा आवाज चढला होता.

"त बी फेटाळलं असतं कदाचित. पन मी लिवलं असतं, हे त राह्यलं असतं."

"अगं, त्या वेळी सगळं घर काकांच्याच नोकरीवर होतं," रश्मी पुढं येत म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच ती काकाची बाजू घेत होती. "दोघांच्या गेल्या असत्या तर खायचं काय होतं?"

"आई, म्हणून भावाला गाववाला म्हणायचं?"

"तू चुप बस," संघपाल म्हणाला. कुणाला म्हणाला ते त्यालाही नीट कळलं नाही.

ताराबाईनं हातानंच सगळ्यांना थांबवलं. "अन ते अर्ज? चौदा एप्रिलचे? ते त तू नेत होता."

"दिले, वहिनी. एक बी ठेवला नाई. राजभवनाच्या गेटवर सोता जाऊन, शिक्का मारून घेऊन दिले."

"मंग तेचं काय झालं?"

माणिककाका इतका वेळ सरळ बसला होता, तो आता टेबलावर वाकला. "राजभवनाले आलेला अर्ज ज्या खात्याचा असन त्या खात्याकडं पाठवतेत. नियमच हाय तो. खात्यातून सेक्शनले. सेक्शनमंधून, ज्यानं आधीची फाईल केली तेच्याकडं."

"तुयाकडं."

"माह्या टेबलावर. पंधरा दिसात. राज्यपालाच्या कचेरीचा गोल शिक्का मारून."

संघपालला ते शिक्के डोळ्यांपुढं दिसत होते. त्याच्या टेबलावरही असे कागद येत, 'पुढील कार्यवाहीसाठी' असं लिहून आलेले, आणि तोही ते त्याच माणसाकडं पाठवून द्यायचा ज्याच्याविरुद्ध ते असत. दुसरीकडं पाठवायचे तरी कुठं? तशी सोयच नव्हती. त्याला कधी त्यात वावगं वाटलं नव्हतं.

"वाचत होता?" ताराबाईनं विचारलं.

"दरसाली."

"अन मंग?"

"फायलीले लावत होतो. उत्तर लिवाले बसलो का हात चालत नव्हता. खाली तेच वाक्य येनार होतं."

"गाववाला म्हनला तू तेले," ताराबाई म्हणाली. अपील, टिपणी, अर्ज, सगळं बाजूला राहून तिच्या हाती तेवढा एक शब्द लागला होता. "तेच्या पाठीवर बसून तू बोथच्या बाजाराले जात होता. अन गाववाला."

माणिककाका रडला. सत्तरी ओलांडलेला माणूस टेबलावर डोकं टेकून रडत होता आणि त्याला समजवायला कुणी पुढं झालं नाही. त्याच्याविषयी संघपालला दया आली, आणि राग आला, आणि दोन्हींतलं खरं कुठलं हे ठरवायला त्याला सवड झाली नाही, कारण ताराबाई खाटेवरून उठली होती. तिनं काकाच्या कोपराखालून तो अर्धा अर्ज ओढून घेतला, चार तुकडे केले आणि मुठीत धरले.

"अर्ज नको आता," ती म्हणाली. "संघपाल, तुया त्या रकान्यात लिव, काई नाई."

संध्याकाळी कचेरीत जाऊन संघपालनं बाराव्या नावापुढं 'सदिच्छा भेट' असं लिहिलं. असा विषय नियमात बसत होता.

सोमवारी अकराच्या भेटी साडेअकराला सुरू झाल्या. सभागृहाच्या दाराशी संघपाल घड्याळ हातात धरून उभा होता. मूर्तीवाला आला, गुसाडीवाला आला. हेडमास्तर सहा पानं वाचू लागले, त्यांना तिसऱ्या ओळीवर थांबवावं लागलं. शेवटी ताराबाई आत गेली. पांढरं लुगडं, हातात काही नाही. दारातून संघपालला फक्त तिची पाठ दिसत होती आणि भाषांतर करून सांगणारा अधिकारी दिसत होता. ती काहीतरी बोलली. अधिकारी आधी हसला, मग त्यानं चष्मा नीट केला, मग वाकून सांगितलं. समोरून मोठ्यानं हसल्याचा आवाज आला. दोन मिनिटं पुरी व्हायच्या आतच ती खांद्यावर शाल घेऊन बाहेर पडली.

संघपाल घाईनं पुढं झाला. "काय इचारलं, माय?"

"इचारलं, सायेब, तुमच्या नावानं लोकं काय काय लिवतेत, ते तुमी वाचता काय?"

"मंग?"

"हासले. म्हनले, सगळं वाचाले बसलो त जनम पुरनार नाई." ताराबाई पायऱ्या उतरू लागली. "भला मानूस दिसला. पानी पेली का इचारलं. मले उगंच वाटे, मोठा धिप्पाड असन."

गेटबाहेर कडुनिंबाखाली माणिककाका उभा होता. बॅग पायाशी. घरून तो सकाळीच न सांगता निघाला होता. स्टेशनावर गेला नव्हता आणि आत यायची त्याची छाती झाली नव्हती. त्यानं वहिनीला येताना पाहिलं आणि हाताला काहीतरी पाहिजे म्हणून बॅग उचलली.

ताराबाई त्याच्यासमोर जाऊन थांबली.

"राज्यपाल दूर होता, माणिक, बरा होता," ती म्हणाली. "त्याच्यावर राग धराले सोपं होतं. कवा घरी येत नव्हता, कवा जेवाले बसत नव्हता. त्याले शिव्या देत देत मी तुले पयलं ताट वाढलं. आता तो राग घेऊन मी कुठं जाऊ?"

संघपालनं हाक मारलेली रिक्षा येऊन उभी राहिली. ताराबाई चढली, शाल मांडीवर घेतली आणि बाजूला सरकून तिनं जागा केली. काका तसाच उभा.

"गाडी कवा हाय तुयी?"

"तीनले."

"मंग जेवन होते. बस." काका चढला. रिक्षा सुरू झाल्यावर ती रस्त्याकडं पाहत म्हणाली, "पन आज ताट तुया हातानं वाढून घे."